पक्षिविज्ञान परिषदेला पहिल्यांदाच जाणाऱ्या विद्यार्थ्याने कशी तयारी करावी?

माळरान_पुणे (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सासवडपासून सुप्यापर्यंतच्या पट्ट्यात जे गवताळ माळ अजून शिल्लक आहेत, त्यांतील काहींवर वर्षभर मेंढ्या आणि गुरे चरतात, तर काही माळ चराईसाठी बंद केलेले आहेत. या दोन प्रकारच्या माळांवर जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांच्या संख्येत फरक पडतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. सकाळच्या वेळी ठरावीक लांबीच्या ट्रान्सेक्टवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या सरळ रेषेवर, चालत, एकदा हिवाळ्यात आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, अशी दोन हंगामांत मी मोजणी केली. डोंबारी चंडोल, माळटिटवी आणि धाविक हे तिन्ही पक्षी मला चरलेल्या माळांवर जास्त संख्येने दिसले.

या कामाचा सारांश बेंगळुरूला होणाऱ्या एका पक्षिविज्ञान परिषदेत पोस्टरसाठी स्वीकारला गेला आहे. माझे गाइड मत्स्यशास्त्राचे आहेत. त्यांनी मला मनापासून प्रोत्साहन दिले असले, तरी पक्ष्यांवर काम करणाऱ्यांपैकी त्यांच्या ओळखीचे कोणी नाही. "तिथे जाऊन चार लोकांशी ओळखी करून ये," असे ते सांगतात. परंतु तीन दिवसांच्या गर्दीत, कोणीही ओळखत नसताना, ते नेमके कसे करायचे हे मला उमगत नाही. परिषदेच्या आदल्या दिवशी दोन कार्यशाळा एकाच वेळी आहेत, एक पक्ष्यांच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रणावर आणि दुसरी मोजणीच्या आकडेवारीच्या विश्लेषणावर. दोन्हींना वेगळे शुल्क असल्यामुळे आणि वेळही एकच असल्यामुळे एकच निवडावी लागेल. पुढे पीएच.डी. करण्याची इच्छा आहे, तेव्हा त्याविषयी कोणाशी बोलावे का, आणि बोलायचे तर केव्हा, हाही प्रश्न आहे. इंग्रजी वाचता-लिहिता येते, मात्र समोरासमोर बोलताना शब्द अडतात. ज्यांनी अशा परिषदा पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाषाणकाठ

सर्वप्रथम अभिनंदन. माळरानांवर काम करणारे विद्यार्थी आपल्याकडे फार थोडे आहेत, त्यामुळे तुमचा विषय वाचून विशेष आनंद झाला. मी पक्षी-परिसंस्थेवर संशोधन करतो आणि गेल्या काही वर्षांत अशा परिषदांमध्ये विद्यार्थ्यांची पोस्टर तपासण्याचे कामही केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

ओळखीच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या निष्कर्षातच आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. चरलेल्या माळावर पक्षी जास्त दिसले, असे तुम्ही लिहिले आहे. पोस्टरपुढे थांबणारा पहिला जाणकार तुम्हाला विचारील, की ते तिथे जास्त होते, की तिथे ते जास्त दिसले? मेंढ्यांनी गवत जमिनीलगत खाल्लेले असते तेव्हा धाविक शंभर पावलांवरूनही नजरेस पडतो. तोच पक्षी गुडघाभर कुसळी गवतात दहा पावलांवर असला तरी सुटून जाऊ शकतो. डोंबारी चंडोलाच्या बाबतीत हंगामाचीही भर पडते. विणीच्या दिवसांत नर हवेत चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, पुन्हा चढतो आणि सोबत शीळही घालतो, त्यामुळे तो लांबूनही लक्षात येतो. वीण नसताना हेच पक्षी थव्याने जमिनीवर दाणे टिपत असतात आणि मातकट रंगाची मादी तर ढेकळांत मिसळून जाते. म्हणजे मोजणीतला आकडा हा पक्ष्यांची संख्या आणि पक्षी नजरेस पडण्याची शक्यता या दोहोंच्या गुणाकारातून आलेला असतो, आणि तुमच्या दोन प्रकारच्या माळांवर यांपैकी दुसरी गोष्ट सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही.

यामुळे तुमचे काम कमी मोलाचे ठरत नाही. उलट, हा प्रश्न तुम्ही स्वतःच पोस्टरवर स्पष्टपणे मांडला, तर तुम्हाला परिषदेत कोणाशी आणि कशाविषयी बोलायचे हे आपोआप ठरते. अंतरावर आधारित गणनेचे, म्हणजे डिस्टन्स सॅम्पलिंगचे, तंत्र याच अडचणीवर उभे राहिले आहे: ट्रान्सेक्टच्या रेषेपासून पक्षी किती लंब अंतरावर दिसला हे नोंदवले, की अंतर वाढत जाताना दिसण्याचे प्रमाण कसे घटते याचा आलेख बांधता येतो आणि त्यावरून न दिसलेल्या पक्ष्यांचा अंदाज काढता येतो. रेषेवर असलेला पक्षी हमखास दिसतो, पक्षी आपल्यामुळे हलण्याआधीच्या जागी नोंदवला जातो आणि अंतर अचूक मोजले जाते, ही त्याची मुख्य गृहीतके आहेत. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील गटाने यासाठी तयार केलेली प्रणाली विनामूल्य मिळते. तेव्हा कार्यशाळा कोणती निवडावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही: विश्लेषणाची निवडा. ध्वनिमुद्रण पुढे कधीही शिकता येईल. तुमचा प्रबंध मात्र याच वर्षी लिहायचा आहे. कार्यशाळेला जाताना स्वतःचा डेटा व्यवस्थित तक्त्यात भरून लॅपटॉपवर घेऊन जा. मार्गदर्शक नमुन्याच्या आकडेवारीवर शिकवतात, पण मधल्या सुट्टीत एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःची आकडेवारी उघडून एक नेमका प्रश्न विचारला, तर ते बहुधा खुर्ची ओढून शेजारी बसतात. ही ओळख पुढे टिकते, कारण तिच्यात दोघांनी मिळून एक काम केलेले असते.

सारांश-पुस्तिका परिषदेच्या आधी काही दिवस ई-मेलने येते. ती पूर्ण वाचण्याऐवजी माळरान, चराई, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि गणनापद्धती एवढ्या चार गोष्टींवर खुणा करत जा. हाती पाच-सहा नावे उरतील. त्यांतल्या दोघांना आधीच चार ओळींचा ई-मेल लिहा: मी कोण, माझे पोस्टर कोणत्या सत्रात आहे, तुमच्या अमुक कामाशी ते असे जोडलेले आहे, आणि दहा मिनिटे मिळाली तर हा एक प्रश्न विचारायचा आहे. उत्तर आले नाही तरी नाउमेद होऊ नका. प्रत्यक्ष भेटल्यावर "मी तुम्हाला लिहिले होते" हे वाक्य बोलणे सुरू करायला पुरेसे असते. समांतर सत्रांमध्ये मात्र एका दालनातून दुसऱ्या दालनात धावत राहू नये. एका सत्रात शेवटपर्यंत बसलात, तर व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे ऐकायला मिळतात आणि कोणत्या मुद्द्यावर जाणकारांमध्ये मतभेद आहेत हे तिथेच समजते. माझ्या मते विद्यार्थ्यांचे सर्वाधिक शिक्षण या प्रश्नोत्तरांमधून होते.

पोस्टरविषयी थोडक्यात. आयोजकांनी फलकाचा आकार आणि तो उभा की आडवा हे कळवलेले असेल. ए-झीरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सें.मी., आणि आडव्या पोस्टरला उभा फलक मिळाला तर कडा लोंबकळत राहतात. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात कापडी छपाई करून मिळते का पाहा, कारण कापडाची घडी करून ते पिशवीत ठेवता येते आणि रेल्वेच्या गर्दीत कागदाची नळी सांभाळावी लागत नाही. मजकूर कमी ठेवा. एक नकाशा, चरलेल्या आणि बंद माळाचे एकाच उंचीवरून काढलेले दोन फोटो, आणि एक आलेख एवढ्यावर पोस्टर उभे राहू शकते. घरट्यांची नेमकी ठिकाणे नकाशावर दाखवू नयेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

इंग्रजीबद्दल: पोस्टरपुढे उभे राहून बोलायची दोन मिनिटे आधी मराठीत लिहून काढा, मग साध्या इंग्रजीत आणा, आणि विभागातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे अनेकदा बोलून पाहा. परिषदेला केरळ, आसाम, तमिळनाडू, गुजरात अशा सगळीकडून मुले येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची शाळा त्यांच्या त्यांच्या भाषेतच झालेली असते. प्रश्न समजला नाही तर "कृपया पुन्हा सांगाल का" असे विचारण्यात काहीही गैर नाही; परीक्षकांच्या मनावर त्याचा वाईट परिणाम होत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

नन्नजचा_वाटसरू

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. त्यात मला एका बाजूची भर घालावीशी वाटते, कारण मी व्यवसायाने शास्त्रज्ञ नाही, पक्षिमित्र आहे.

परिषदेला जाणारे विद्यार्थी बहुतेक वेळा प्राध्यापकांच्या मागे असतात, आणि मागच्या रांगेत बसलेल्या हौशी निरीक्षकांकडे त्यांचे लक्ष जात नाही. आपल्या देशात पक्ष्यांविषयीच्या माहितीचा केवढा मोठा भाग अशा लोकांनी जमवला आहे, याचे एक उदाहरण देतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन केले असून, त्यांतील १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य दिले आहे. हे मूल्यमापन मुख्यतः ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर सामान्य पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर आधारलेले आहे. गवताळ आणि मोकळ्या अधिवासातील पक्षी कमी होत असल्याचे त्याच अहवालात ठळकपणे नमूद आहे. तुमच्या पोस्टरच्या प्रस्तावनेत ही गोष्ट आलीच पाहिजे, कारण मग बेंगळुरूमध्ये तुमचे काम वाचणाऱ्याला सासवड कुठे आहे हे ठाऊक नसले तरी त्या कामाचे महत्त्व लगेच कळेल.

सलीम अलींकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, आणि त्यामुळे त्यांना हवी ती नोकरी मिळाली नाही. १९२९ मध्ये ते बर्लिनला गेले आणि तिथल्या संग्रहालयात जर्मन पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले; पुढे आयुष्यभर त्यांनी श्ट्रेझेमान यांनाच गुरू मानले. परत आल्यावर अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर बारकाईने लक्ष ठेवले. एक नर अर्धवट घरटे बांधतो, मादीने ते पसंत केले की पूर्ण करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी नव्या घरट्याला लागतो, हा क्रम त्यांनी त्या निरीक्षणांतून उलगडला. बर्लिनमध्ये मिळालेला गुरू आणि किहीममध्ये घराच्या आवारातून केलेले निरीक्षण या दोन्ही गोष्टी त्या कामामागे होत्या. तुमच्या बाबतीत गुरू बेंगळुरूला भेटेल, आणि निरीक्षणाचे मैदान तर तुमच्याकडे आधीपासून आहेच.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की बेंगळुरूला जाण्याआधी हेच सादरीकरण मराठीत करून पाहावे. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटनेची संमेलने गेली चार दशके राज्याच्या निरनिराळ्या भागांत भरत आली आहेत, आणि पुण्यात तर पाषाण, कवडीपाट, भिगवण येथे नियमाने जाणारे गट आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या बैठकीत पंधरा मिनिटे मागून घ्या. सोलापूर, बारामती आणि दौंडकडचे निरीक्षक तिथे असले, तर कोणत्या माळावर पूर्वी काय दिसत असे हे ते जुन्या वह्या काढून सांगतील. आणखी एक विनंती. ज्या धनगरांच्या कळपांमागे चालत तुम्ही हे काम केले, त्यांचे आभार पोस्टरवर, त्यांची संमती घेऊन, नावानिशी माना. कोणत्या माळावर केव्हा गवत वाढते, कळप किती दिवस थांबतो आणि टिटवीची अंडी दिसली की मेंढरे कोणत्या अंगाने वळवायची, हे ते जाणतात, आणि हा तुमच्या अभ्यासाच्या पद्धतीचाच भाग आहे.

स्थलांतरित_पुणेकर

मी पुण्यातूनच पदवी घेतली आणि सध्या परदेशात पक्ष्यांच्या स्थलांतरावर पीएच.डी. करत आहे. पीएच.डी.च्या प्रश्नापुरते लिहितो.

पहिल्याच भेटीत "तुमच्याकडे जागा आहे का" असे विचारू नये. त्याऐवजी त्या गटात सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना भेटा. प्रयोगशाळेतले वातावरण कसे आहे, क्षेत्रकार्याचा खर्च कोण करतो, सुट्टी मिळते का, गाइड मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, हे सगळे तेच प्रामाणिकपणे सांगू शकतात. गेल्या काही वर्षांत मला झालेला सर्वांत मोठा फायदा माझ्याच वयाच्या मुलांच्या ओळखीचा आहे. एकाने विश्लेषणाची प्रोग्रॅमची ओळ दुरुस्त करून दिली, दुसरीने शिष्यवृत्तीची जाहिरात वेळेत पाठवली. बेंगळुरूलाच विद्यार्थ्यांसाठी संवर्धनशास्त्राची एक वेगळी परिषद भरते, जिची मूळ कल्पना केंब्रिजमध्ये २००० साली सुरू झाली. तिच्यात व्याख्याने आणि पोस्टर विद्यार्थ्यांचीच असतात आणि ज्येष्ठ मंडळी ऐकायला व शिकवायला येतात. पुढच्या वर्षी तिथेही अर्ज करावा.

परदेशातल्या परिषदांचा विचारही आतापासून डोक्यात असू द्यावा. इंटरनॅशनल ऑर्निथॉलॉजिकल काँग्रेस १८८४ मध्ये व्हिएन्नाला पहिल्यांदा भरली आणि आता ती दर चार वर्षांनी होते; तिथे व्याख्यानांखेरीज गोलमेज चर्चा असतात, ज्यांत विद्यार्थीही बरोबरीने भाग घेऊ शकतात. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी, जी २०१६ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून तयार झाली, आपल्या वार्षिक परिषदेसाठी विद्यार्थ्यांना प्रवासखर्च आणि उत्तम सादरीकरणाला पारितोषिके देते. अशा पारितोषिकांच्या स्पर्धेत आपले नाव धरले जावे यासाठी बऱ्याच ठिकाणी सारांश पाठवतानाच वेगळी नोंद करावी लागते, ती राहून जाऊ देऊ नका. बेंगळुरूच्या आयोजकांनाही विचारा, की स्वयंसेवक म्हणून काही तास काम केल्यास नोंदणीशुल्कात सवलत आहे का. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला पहिल्या दिवशीच प्रत्येकाचा चेहरा आणि नाव कळते.

एक इशारा देणे आवश्यक वाटते. सारांश छापून आला की स्तुतीने भरलेले ई-मेल येऊ लागतात: आपण आमच्या जागतिक परिषदेत प्रमुख वक्ते व्हावे, शुल्क आजच भरावे. जिथे पक्षिविज्ञान, दंतवैद्यक आणि बांधकामशास्त्र एकाच सभागृहात आहेत, सारांश एका दिवसात स्वीकारला जातो आणि शास्त्रीय समितीतल्या कोणाचेही काम शोधून सापडत नाही, तिथे पैसे भरू नयेत. आई-वडिलांनी कष्टाने दिलेली रक्कम अशा ठिकाणी गेलेली मी पाहिली आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

दुसऱ्याच्या स्लाइडचा फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. अप्रकाशित आलेख समाजमाध्यमांवर टाकणे हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे.

माळरान_पुणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. पाषाणकाठ सरांचा प्रश्न वाचून मी क्षेत्रवही पुन्हा काढली. प्रत्येक नोंदीपुढे पक्षी गात होता, उडत होता की जमिनीवर होता, हे मी लिहिले आहे. ट्रान्सेक्टपासूनचे लंब अंतर मात्र मीटरमध्ये मोजलेले नाही. १० मीटरच्या आत, १० ते ३०, आणि ३० च्या पलीकडे एवढेच तीन पट्टे नोंदवले आहेत. गवताची उंची प्रत्येक ट्रान्सेक्टवर ठरावीक अंतरावर मोजलेली आहे. एवढ्या माहितीवर काही करता येईल का, आणि फरक पुसट झाला तर ते पोस्टरवर कसे लिहावे?

पाषाणकाठ

करता येईल. डिस्टन्स सॅम्पलिंगला पट्ट्यांत नोंदवलेली अंतरेही चालतात. तीन पट्टे म्हणजे कमीच, आणि ३० मीटरच्या पलीकडच्या पट्ट्याला बाहेरची मर्यादा नसल्यामुळे तो वगळावा लागेल किंवा वहीवरून एखादी मर्यादा ठरवता येते का ते पाहावे लागेल. नेमका हाच प्रश्न कार्यशाळेत विचारा. तोपर्यंत घरी बसून एक साधी तपासणी करा. दोन्ही हंगाम वेगळे ठेवा, फक्त १० मीटरच्या आतल्या नोंदी घ्या, आणि चरलेल्या व बंद माळांची तुलना पुन्हा करा. जवळच्या पट्ट्यात गवताचा अडथळा कमी असतो, त्यामुळे तिथेही फरक उरला तर तुमच्या निष्कर्षाला बळ मिळते. त्यानंतर गाणारे आणि उडणारे पक्षी बाजूला काढून केवळ जमिनीवरच्या नोंदी गवताच्या उंचीसमोर मांडा. धाविकाच्या नोंदी बहुधा थोड्या असतील, त्यावरून काही ठरवू नका. चंडोलांवरच भर द्या.

फरक पुसट झाला, तर शीर्षकातला "जास्त संख्या" हा शब्दप्रयोग काढून तिथे "जास्त नोंदी" लिहा, आणि आलेखाखाली एका वाक्यात सांगा की गवताच्या उंचीमुळे पक्षी दिसण्यात पडणारा फरक अद्याप वेगळा काढलेला नाही. स्वीकारलेल्या सारांशात आणि पोस्टरमध्ये एवढा बदल झालेला चालतो. छपाईला देण्याआधी पोस्टरची फाइल मला संदेशातून पाठवा, मी रविवारपर्यंत वाचून कळवतो.